आधी हॉटेलवर चला

अलविया बुशाराला समितीचा इतका वीट आला होता की बैठकीच्या दिवशी तिच्या हातचा किस्रा हमखास तव्याला चिकटायचा. किस्रा म्हणजे ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचा पातळ पापुद्रा. तो घालायला हात हलका लागतो, आणि डोकं तापलेलं असलं की हात कसला हलका राहतोय. बाहेरच्या खोलीत मंडळी काथ्याकूट करत बसायची, ही स्वयंपाकघरात ऐकत असायची, आणि तव्यावर ज्वारी करपत असायची.

समितीचं पूर्ण नाव 'सुदानात लोकशाही परत आणण्यासाठी कैरोतली संयुक्त समिती'. त्यातला 'संयुक्त' हा शब्द ठेवायचा की काढायचा यावरून दोघांनी राजीनामे दिले होते. ते दोघं तरीही प्रत्येक बैठकीला यायचे. फक्त चहाचा पेला स्वतः उचलून घ्यायचे नाहीत, कुणीतरी हातात द्यावा लागायचा, कारण आपण आता सभासद नसून पाहुणे आहोत हे त्यांना दाखवायचं असायचं. पेला द्यायचं काम अर्थात अलवियाचं.

आता आमच्या लोकांचं काय सांगावं. लष्करानं निवडून आलेलं सरकार एका रात्रीत मोडलं, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं, संघटनांना टाळं ठोकलं. आम्ही जे कसेबसे निसटलो ते कैरोत येऊन ऐन शम्स नावाच्या वस्तीच्या गल्ल्यांत एकमेकांचे शेजारी झालो. बाहेरच्या देशांनी दाब आणला तरच ती राजवट हलेल, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. त्याच्या पुढं एक पाऊल टाकलं की भांडण. वकील तैफूर, ज्यांना सगळे आदरानं उस्ताझ म्हणत, म्हणायचे, जुनं सरकार होतं तसं परत बसवा, कायद्यानं तेच खरं. रेल्वे संघटनेचा शद्दाद म्हणायचा, त्याच सरकारनं आमचा संप मोडला, त्याला मी कशाला परत बसवू, नव्यानं निवडणुका घ्या. आणि त्या जुन्या सरकारात एक उन्हाळाभर उपमंत्री असलेले डॉक्टर बाबिकर दोघांनाही म्हणायचे, आधी राजदूतांपुढं पहिलं कोण बोलणार ते ठरवा.

एवढं होऊन त्यांनी वकिलातींचे उंबरे काही कमी झिजवले नव्हते. एका ठिकाणी निवेदन फाटकावरच ठेवून घेतलं. दुसऱ्या ठिकाणी आत बोलावून चहा पाजला आणि विचारलं, तुमच्यातले सगळे गट या निवेदनाशी सहमत आहेत ना. त्यावर तिथंच, त्या गोऱ्या साहेबासमोरच, सगळ्यांनी वाद घालायला सुरुवात केली.

निवेदनाचं इंग्रजी करायचं काम अलवियाकडं होतं, कारण सुदानात अतबरा या रेल्वेच्या गावी मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर इंग्रजी शिकवलं होतं. ती एक मसुदा करून द्यायची, मंडळी त्याचा कीस पाडायची, की हिनं पुन्हा पहिल्यापासून लिहायचं.

"अलवियाबाई, 'मागणी करतो' काढा, 'विनंती करतो' घाला," बाबिकर म्हणायचे.

"मागच्या वेळी विनंतीच होती, डॉक्टर. तुम्हीच मागणी करायला लावलीत."

"तेव्हा परिस्थिती वेगळी होती."

"परिस्थिती तीच आहे. फक्त तेव्हा साखर जास्त पडली होती चहात."

बाबिकर हसायचे, कारण त्यांना वाटायचं बाई गंमत करतात. बाई गंमत करत नसायच्या. ही माणसं आपल्या घरात का बसलेली आहेत, हे फक्त तिलाच माहीत होतं असं नाही, सगळ्यांना माहीत होतं. पण ते लक्षात मात्र तिच्या एकटीच्याच राहायचं.

तिला एक भाऊ होता, हातिम. आई गेली तेव्हा तो रांगत होता. वडील रेल्वेत कारकून, सकाळी गेले की संध्याकाळी यायचे. तेव्हा शाळेतून आल्यावर याला कडेवर घेऊनच तिनं अभ्यास केला, कडेवर घेऊनच चूल फुंकली. पुढं तिला मागण्या आल्या. पोरगं जरा मोठं होऊ दे, असं म्हणत तिनं त्या लांबवल्या, आणि पोरगं मोठं होईपर्यंत मागण्या यायच्या थांबल्या. याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. तक्रार करायला तिला हातिमनं दुसरे विषय भरपूर दिले होते.

हातिम आगगाडीचा ड्रायव्हर झाला. रूळ शाळेच्या मागूनच जात. गाडी शाळेपाशी आली की हा शिट्टी द्यायचा, एक लांब आणि दोन आखूड, की वर्गातल्या साऱ्या मुली तोंडं दाबून हसायच्या, "सित्त अलविया, तुमचा भाऊ आला." सित्त म्हणजे बाई. मुख्याध्यापिकेनं दोनदा बोलावून समज दिली. रात्री जेवताना अलविया त्याला फैलावर घ्यायची. "किती वेळा सांगितलं तुला? लहान आहेस का तू? ऐकतोस का कधी माझं?" तो मान खाली घालून भेंडीचं कालवण ओरपायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिट्टी द्यायचा. त्या दोघांचं प्रेम असंच होतं. ती रागवायची, तो ऐकायचा नाही, आणि दोघांचंही पोट भरायचं.

लष्कर आल्यावर तिला 'जनहितासाठी' म्हणून नोकरीवरून काढलं. मुलींना इंग्रजी शिकवण्यात जनतेचं कुठलं अहित होत होतं ते कुणी सांगितलं नाही. मग रेल्वेचा संप झाला, हातिम त्यात सगळ्यांच्या पुढं, आणि एका पहाटे त्याला घरातून उचलून नेलं. ती खार्टूमला गेली, एका तुरुंगाच्या दारात उभी राहिली. असा माणूस आमच्याकडं नाही. दुसऱ्या तुरुंगात, तेच उत्तर. खार्टूममध्ये काही घरं अशी होती की ज्यांच्यावर पाटी नव्हती आणि ज्यांच्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आत गेलेला माणूस कुठल्याच नोंदीत नसायचा. लोक त्यांना भुतांची घरं म्हणायचे. हातिम तिथं आहे, हे तिला एका ओळखीच्या नर्सकडून कळलं. त्यानंतर तिच्याही दारात लष्कराची गाडी फिरकायला लागली, तेव्हा ती वादी हल्फाच्या बोटीनं इकडं निघून आली.

मात्र एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली होती. परदेशातल्या एखाद्या बड्या माणसानं तिथल्या मंत्र्यांना कुणाचं नाव घेऊन विचारलं, की तो माणूस थोड्या दिवसांत खऱ्या तुरुंगात उगवायचा. खऱ्या तुरुंगात घरचा डबा जातो, बायकापोरं भेटतात, माणूस जगतो. अलवियाला लोकशाही नको होती अशातला भाग नाही, हवीच होती. पण त्याच्या आधी तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी हातिमचं नाव घ्यावं. त्यासाठी तिनं आपली बाहेरची खोली समितीला दिली होती, आणि रोज उठून स्वतःचं डोकंही.

आणि एकदाचा योग आला. उत्तरेकडच्या एका थंड देशाचा दूत खार्टूमला निघाला होता, वाटेत कैरोत थांबणार होता. त्यानं समितीला नदीकाठच्या हॉटेलात सकाळी अर्धा तास दिला. ही बातमी आली त्या दिवशी अलवियानं किस्रा घातला तो एकसुद्धा करपला नाही.

मग बैठक झाली. निवेदनात हातिमचं नाव घालायचं का, हा विषय निघाला.

"एकाचं नाव घातलं की दुसऱ्या पक्षाचे लोक म्हणणार, आमच्या कैद्यांचं काय," तैफूर म्हणाले. "सगळ्यांची नावं घालायची तर आधी कुणाचं, मग कुणाचं? त्यापेक्षा 'सर्व राजकीय कैदी' म्हणू. त्यात सगळेच येतात."

"त्यात कुणीच येत नाही, उस्ताझ," अलविया म्हणाली. "तो तिकडं जाऊन 'सर्व कैदी कसे आहेत' विचारणार, आणि ते म्हणणार, 'सर्व मजेत आहेत.' झालं."

"तुमची तळमळ आम्हाला कळते हो, बाई."

"कळत असती तर नाव घातलं असतंत."

शद्दाद तेवढा तिच्या बाजूनं बोलला, पण तो आणि तैफूर रमजानपासून एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे त्याचं म्हणणं बाबिकरांच्या मार्फत तैफूरपर्यंत जाऊन नामंजूर होऊन परत आलं. शेवटी असं ठरलं की सगळ्यांचं बोलून झाल्यावर वेळ उरला तर अलवियाबाईंनी दोन शब्द बोलावेत. वेळ उरला तर. ही माणसं, आणि वेळ उरणार. त्यानंतर उरलेली बैठक सूट घालायचा की आपला पांढरा झगा आणि फेटा, यावर गेली. बाबिकर म्हणाले सूटच, नाहीतर त्याला वाटेल खेड्यातून आलेत. त्यावर मात्र एकमतानं ठराव झाला.

त्या सकाळी अलविया लवकर उठली. चांगला तोब काढला, साडीसारखा लांब, जांभळ्या काठाचा, आणि अंगाभोवती नीट लपेटून घेतला. बोलायचं ते मनात घोळवलं. वेळ उरला नाही तर मधेच उठून बोलायचं, असंही ठरवून टाकलं. सगळे परस्पर हॉटेलवर भेटणार होते. ती दाराला कुलूप लावणार तोच खालच्या मजल्यावरची हाजा सकीना जिना चढून वर आली. गल्लीतल्या बाळंतपणापासून मयतापर्यंत सगळीकडं पुढं असणारी ही ओमदुरमानची म्हातारी. तिच्या काखेत गुंडाळलेली मोठी चटई होती आणि हातात चहाची किटली.

"हाजा, हे काय? मी निघालेय."

"बस गं जरा, पोरी. चहा घे."

"चहा कसला घे, मला उशीर होतोय. आणि चटई कशाला आणलीत? दुपारचं जेवण नाहीये आज इथं."

हाजा आत गेली, खुर्च्या भिंतीला सरकवून तिनं चटई पसरली. एरवी सकाळी सकाळी अख्ख्या बिल्डिंगची बित्तंबातमी सांगणारी ही बाई आज मिठाची गुळणी धरून बसली होती. अलविया वैतागली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, आणि तैफूर वर आले. त्यांच्यामागं बाबिकर. त्यांच्यामागं शद्दाद, आणि ते राजीनामे दिलेले दोघं, आणि किराणा दुकानवाला हाजी इद्रीस, ज्याच्या दुकानातल्या फोनवर गावाकडचे सगळे निरोप यायचे. कुणीही सूट घातला नव्हता. सगळे पांढऱ्या झग्यात, फेटे बांधून.

अलवियाचं डोकंच फिरलं. एवढ्या महिन्यांत ही माणसं पहिल्यांदा वेळेवर आली होती, आणि तीसुद्धा चुकीच्या ठिकाणी.

"इथं काय करताय तुम्ही? हॉटेल तिकडं आहे नदीवर. तो माणूस तिथं बसलाय. आता काय राहिलं? फेटा की सूट यावर पुन्हा बैठक घ्यायची आहे का? इथं घ्यायची? घ्या, घ्या, त्याचं विमान उडून जाऊ दे. डॉक्टर, तुमची बॅग कुठं आहे? निवेदन कुणाकडं आहे?"

एरवी बाबिकरांनी तीन वाक्यांत उत्तर दिलं असतं आणि तैफूरनी त्यातली दोन दुरुस्त केली असती. आज कुणी तोंड उघडलं नाही. तिच्या लक्षात आलं की तैफूर आणि शद्दाद शेजारी शेजारी उभे आहेत. शद्दादनं म्हाताऱ्या तैफूरना कोपराला धरून जिना चढवून आणलं होतं आणि तो हात अजून तिथंच होता. रमजानपासून न बोलणारी ही माणसं. ती बोलता बोलता थांबली. मग तिनं हाजाच्या चटईकडं पाहिलं.

आमच्यात वाईट बातमी कुणी तोंडावर सांगत नाही. फोनवर तर नाहीच, रात्री तर नाहीच. सकाळ होऊ देतात, मोठी माणसं जमू देतात, चटई घालतात, आणि मग सगळे मिळून फातिहा, म्हणजे मयतासाठीची प्रार्थना, म्हणायला हात वर करतात. त्या वर केलेल्या हातांवरूनच आपण समजायचं.

तैफूरनी दोन्ही तळहात छातीपुढं उघडले. "अल-फातिहा," ते म्हणाले. बाकीच्यांनीही हात वर केले.

अलवियानं आपले हात तोबाखाली ओढून घेतले.

"कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

इद्रीस खाली बघत बोलला. अतबराचाच एक मास्तर त्या भुतांच्या घरातून सुटून बोटीनं अस्वानला आला होता. काल संध्याकाळी त्यानं दुकानात फोन केला. हातिम त्याच्याच खोलीत होता. मागच्या महिन्यात गेला. दोघं पहारेकरी आले, घोंगडीत गुंडाळून घेऊन गेले. कुठं ते माहीत नाही. घरच्यांना काही कळवलेलं नाही, सरकारी माणसं अजून म्हणतात की असा कुणी आमच्याकडं नव्हताच.

"हात वर कर, पोरी," हाजा हलकेच म्हणाली. "फातिहा घे. देवाचा हुकूम असतो."

"नाही."

"असं करू नये गं."

"मी घेत नाही," अलविया म्हणाली. "हात खाली करा सगळ्यांनी. उस्ताझ, खाली करा ते हात. तो दूत कुठं आहे?"

तैफूर गोंधळले. "हॉटेलातच असेल. पण बाई, आज कसलं निवेदन? तुमच्या घरी हे झालेलं असताना आम्ही तिथं जाऊन बसायचं? लोक काय म्हणतील? आम्ही त्याला निरोपसुद्धा नाही धाडला, सरळ इकडं आलो."

"माझ्या भावासाठी तुम्ही त्याला बसवून ठेवलंत?"

"मग काय करायचं होतं? कर्तव्य आहे हे."

"तो जिवंत होता तेव्हा त्याच्यासाठी तुम्हाला एक ओळ रिकामी करता आली नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "आणि आता तो मेला तर अख्खा अर्धा तास सोडून आलात. काय माणसं आहात तुम्ही? देवानं तुम्हाला कुठल्या मातीचं केलंय? आधी हॉटेलवर चला. तिथं जाऊन आल्याशिवाय या घरात कुणाची फातिहा मी घेणार नाही. तुमची नाही, हाजा, तुमचीही नाही."

ती जिना उतरायला लागली, तेव्हा त्यांना मागून यावंच लागलं. दुःखातल्या बाईला आमच्यात कुणी एकटं सोडत नाही. दोन टॅक्सींत कोंबून मंडळी निघाली. कैरोची गर्दी नेहमीसारखीच जागची हलत नव्हती, आणि टॅक्सीवाला आरशातून बघून म्हणाला, "लग्नाला का?"

दूत निघालाच होता. हातावर कोट, पायाशी बॅग. त्याच्या चिटणीस बाईनं घड्याळाकडं बोट दाखवलं आणि तुमची वेळ केव्हाच संपली असं सांगितलं. बाबिकर पुढं झाले. पहिलं कोण बोलणार हे ठरवण्यात ज्यांनी वर्ष घालवलं, ते बाबिकर एकच वाक्य बोलले, "आमच्या सगळ्यांच्या वतीनं या बोलतील," आणि बाजूला सरकले. तैफूरनी हातातलं निवेदन घडी करून खिशात घातलं.

दूत उंच होता, त्याला वाकून ऐकावं लागलं. अलविया शाळेतल्या इंग्रजीत सावकाश बोलली, मुलींना श्रुतलेखन सांगावं तसं.

"माझा भाऊ हातिम बुशारा. अतबराचा, आगगाडीचा ड्रायव्हर. संपानंतर त्याला घरातून नेलं. ते म्हणतात, असा माणूस आमच्याकडं नाही. तुम्ही तिथं मंत्र्यांना भेटाल, तेव्हा एवढंच विचारा, हातिम बुशारा कसा आहे. त्याच्या बहिणीनं विचारलंय म्हणावं. आणि म्हणावं, मला त्याला डोळ्यांनी पाहायचंय."

चिटणीस बाई लिहून घेत होती. दूतानं विचारलं, "समितीची आणखी काही मागणी?"

तिच्या पाठीमागं पांढऱ्या झग्यातली ती सगळी माणसं उभी होती. वाक्य बदला म्हणणारे, शब्द गाळा म्हणणारे. शद्दाद जमिनीकडं बघत होता.

"नाही," बाबिकर म्हणाले. "एवढीच."

"मी नक्की विचारेन," दूत म्हणाला. "नावानं विचारेन. पाहायचा आग्रहही धरेन." ते ऐकायला ती किती दिवस थांबली होती. तिनं मान हलवली आणि आभार मानले.

परतताना टॅक्सीत तैफूर हळूच म्हणाले, "तुम्ही त्याला खरं सांगितलं नाहीत, बाई."

"खरं सांगितलं असतं तर तो 'फार वाईट झालं' म्हणाला असता आणि विमानात जाऊन बसला असता. मेलेल्या माणसाची चौकशी कोण करतं, उस्ताझ? आता त्याला विचारावं लागेल. आणि त्यांना त्याच्या तोंडाकडं बघून काहीतरी सांगावं लागेल. हातिम आमच्याकडं होता, एवढं तरी त्यांच्या तोंडून निघू दे. कुठं पुरलाय ते तरी कळू दे." मग म्हणाली, "आणि परवापर्यंत मिळून एक वाक्य लिहून ठेवा. दुसरा कुणी दूत येईल. त्या घरांत अजून माणसं आहेत. नावं घाला त्यात. क्रम मी लावीन."

"तुम्ही लावा," तैफूर म्हणाले.

घरी हाजानं दिवाणखान्यातलं सगळं सामान हलवून ठेवलं होतं. गल्लीतल्या बायका चटईवर बसल्या होत्या, इजिप्तच्या शेजारणीसुद्धा, आणि बिल्डिंगचा दरवान तक्रार न करता पुरुषांसाठी खालून खुर्च्या वर आणत होता. अलविया चटईच्या मधोमध जाऊन बसली. तोबाखालून हात काढले, तळहात उघडले.

"आता म्हणा," ती म्हणाली.

तैफूरनी सुरुवात केली, सगळ्यांनी ओठांतल्या ओठांत म्हटली, चेहऱ्यावरून हात फिरवले. तिनंही फिरवले, आणि ते हात तिच्या तोंडावरून निघेचनात. बायका जवळ सरकल्या. हाजानं तिला कुशीत घेतलं, तेव्हा आधी नुसता हुंदका ऐकू आला, आणि मग शब्द. बाई नुसती रडत नव्हती, रागावत होती.

"किती वेळा सांगितलं तुला," ती म्हणत होती. "संपात पुढं पुढं करू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं. ऐकतोस का कधी माझं. ऐकतोस का."